पांढरी पाच, ५० हर्ट्झ आणि एक लाल डबी

माझी आई पांढरी पाचमध्ये गाते, म्हणजे पेटीची पाचवी पांढरी पट्टी हा तिचा सा. पूर्वी तिचा सा काळी चार होता. वयानुसार आवाज उतरला. सांगलीत घरीच तिने पुष्कळ वर्षं गाणं शिकवलं. दिवाळीनंतर एकदा म्हणाली, "अगं, मला येतात त्या बंदिशी कुठेतरी उतरवून ठेव. आता दम पुरत नाही."

आधी मोबाइलवर रेकॉर्ड केलं. पण मोबाइल आवाजाची पातळी स्वतःच सांभाळायला बघतो. तान आली की दाबतो, मंद्रातला सूर आला की ओढून वर आणतो, आणि आई थांबली की मागचा पंखा पुढे येऊन बसतो. तिच्या गाण्यातलं सगळं मोल त्या लहान-मोठेपणात आहे. म्हणून ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माइकचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारी डबी, घ्यायचं ठरवलं. कोल्हापुरातल्या एका मुलाकडून फोकसराइट स्कार्लेट टूआयटू, तिसऱ्या पिढीचं, वापरलेलं, साडेनऊ हजारांना घेतलं. पाच महिने ते रोज टेबलावर आहे.

विकत घेताना मी सोलो हे धाकटं मॉडेल घेणारच होते. त्यालाही समोर दोन इनपुट दिसतात. पण त्यातलं एकच माइकसाठी आहे. दुसरं गिटार किंवा लाइनसाठी. मला एक माइक आईसमोर आणि दुसरा तानपुऱ्यासमोर हवा होता, त्यामुळे सोलो बाद. घेण्याआधी "इनपुट किती" एवढंच विचारू नका, "माइकचे प्रीअँप (माइकचा बारीक आवाज वाढवणारे भाग) किती" असं विचारा. पैसे कमी असतील तर बेहरिंगरच्या यूएमसी २०२ एचडीमध्येही दोन माइक प्रीअँप आहेत आणि तेही २४ बिट, १९२ किलोहर्ट्झपर्यंत जातं (आवाज किती बारकाईने आणि सेकंदाला किती हजार वेळा मोजला जातो, ते हे आकडे). १९२ मात्र मी कधी वापरलं नाही. गाण्यासाठी ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट पुष्कळ झालं. फाइलही आटोपशीर राहते. तबलाही सोबत वेगळा घ्यायचा असेल तर दोन इनपुट कमी पडतील, हे आधीच धरून चला.

डबी हातात घेतली की भरीव वाटते. लाल धातूचं अंग, यूएसबी-सीची जागा, वेगळा अडॅप्टर लागत नाही. गेनच्या, म्हणजे माइकचा आवाज किती वाढवायचा त्या, बटणाभोवतीचं कडं मला सगळ्यात आवडलं: आवाज येतोय तोवर हिरवं, काठावर आला की पिवळसर, फाटला की लाल. आईलाही ते दिसतं, आणि तार सप्तकात जाताना ती आपणहून माइकपासून वीतभर मागे सरते. २४ बिटमध्ये पातळी काठोकाठ भरायची गरज नसते. सगळ्यात मोठी तान उणे ६ डेसिबलच्या आत राहील (शून्याला आवाज फाटतो) असं लावते आणि नंतर हात लावत नाही.

माइकबद्दल एक सांगते. तानपुऱ्यासमोर मी आधी मंचावरचा डायनॅमिक माइक (विजेशिवाय चालणारा, पण हळू आवाज कमी पकडणारा) ठेवला होता. तानपुरा मिरजेचा, जवारी (तारेखालच्या दोऱ्याने येणारा झणकार) सुरेख लागलेली, पण त्याचा नाद हळू. या मॉडेलचा माइक गेन ५६ डेसिबल आहे. तो जवळजवळ सगळा उघडावा लागला आणि मागून बारीक सळसळ यायला लागली. कंडेन्सर माइक (जास्त संवेदनशील, डबीतून वीज घेणारा) लावल्यावर अर्ध्या गेनवर काम झालं. चौथ्या पिढीच्या टूआयटूमध्ये गेन ६९ डेसिबल आहे. हळू वाद्य आणि डायनॅमिक माइक हीच जोडी तुमच्याकडे असेल तर जास्तीचे पैसे तिथे घाला. कंडेन्सरला ४८ व्होल्टचं बटण दाबावंच लागतं, नाहीतर माइक मुका राहतो. हे बटण दोन्ही इनपुटला मिळून एकच आहे.

आता घरघरीबद्दल, कारण तिने माझे तीन आठवडे खाल्ले.

पहिल्याच दिवशी आईने हेडफोन लावला, डोळे मिटले आणि म्हणाली, "कुणीतरी माझ्या साला खेटून चढा सा धरलाय." मला फक्त मंद घरघर ऐकू येत होती. रेकॉर्डिंगचा आलेख उघडला तर ५०, १००, १५० आणि २०० हर्ट्झवर उभ्या रेषा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आणि तिच्या पटीतले नाद तिच्यासोबत येतात. पांढरी पाचचा सा १९६ हर्ट्झ. म्हणजे शेजारी २०० हर्ट्झचा सूर अखंड उभा, आणि दोघांच्या मिळून आवाजाला सेकंदाला चार हेलकावे. आईचं बरोबर होतं. कीबोर्डवर गाणं बसवणाऱ्याला ही घरघर चालून जाईल. तानपुऱ्यावर सा लावणाऱ्याला ती एक क्षणही चालत नाही.

डबी परत करायच्या बेतात होते. त्याआधी एकेक वस्तू काढून पाहिली. स्पीकर काढले, घरघर तशीच. म्हणजे ती स्पीकरमध्ये नव्हती, रेकॉर्डिंगमध्येच उतरत होती. माइकची केबल बदलली, फरक नाही. मग चुकून डबीच्या धातूला बोट लागलं आणि घरघर एकदम कमी झाली. बोट काढलं की पुन्हा आली. बोटाला किंचित मुंग्याही आल्या. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर घेतलं आणि सगळं शांत झालं. तानपुऱ्याची खर्जाची तार विरत विरत शेवटपर्यंत ऐकू आली. आईने हेडफोन काढलाच नाही.

दुसऱ्या दिवशी इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्या खोलीच्या बोर्डमागे अर्थिंगची वायर तुटून लोंबत होती. चार्जरमधून धातूवर येणाऱ्या बारीकशा गळतीला जमिनीत जायला वाटच नव्हती. वायर जोडली, चार्जर लावला, घरघर नाही. धातूला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर आधी अर्थिंग तपासून घ्या. हा प्रश्न गाण्याआधी जिवाचा आहे. घरघर घालवायला प्लगची तिसरी पिन काढायचा सल्ला कुणी देईल. तो मुळीच ऐकू नका. घरघर स्पीकर जोडल्यावरच येत असेल तर लॅपटॉप आणि स्पीकर दोन्ही एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घेऊन बघा.

एकदा तानपुराच चढला. प्रवासात आमचा तानपुरा सोबत नव्हता, म्हणून अॅपमधल्या तानपुऱ्याची फाइल घेतली. ती ४४.१ किलोहर्ट्झची आणि माझं प्रोजेक्ट ४८चं. फाइल आणताना सॉफ्टवेअरने बदल करू का म्हणून विचारलं, मी नको म्हटलं. पांढरी पाचचा तानपुरा काळी चार आणि पांढरी सहाच्या मध्ये जाऊन वाजायला लागला, गतीही वाढली. फाइल पुन्हा आणली, या वेळी हो म्हटलं.

मधूनमधून टक् टक् येत असेल तर बफर (लॅपटॉप एका वेळी आवाजाचा केवढा तुकडा हाताळतो ते) वाढवा. विंडोजवर कंपनीचा एएसआयओ ड्रायव्हर (डबी आणि लॅपटॉप यांना जोडणारं सॉफ्टवेअर) टाका आणि मध्ये यूएसबी हब असेल तर तो काढून टाका. बफर मी ५१२वर ठेवते. आईला तिचा आवाज लॅपटॉपमधून फिरून न येता डबीतल्या डायरेक्ट मॉनिटरच्या बटणामुळे थेट मिळतो, त्यामुळे उशिराचा प्रश्नच येत नाही. आवाज एकाच कानात येत असेल तर तेच बटण मोनोवर आहे ना, ते पाहा. वापरलेली डबी घेताना विकणाऱ्याने दिलेली केबल सैल होती, ती मी त्याच आठवड्यात बदलली.

बाकी खोली आपली आपण शांत करायची. पंखा बंद, फ्रिज बंद, आईच्या मागे दोरीवर दोन गोधड्या.

आतापर्यंत सव्वीस बंदिशी झाल्या. आज मालकंस आहे; पंचम नाही, म्हणून पहिली तार मध्यमावर उतरवून आई आत जवारीचा दोरा सरकवतेय. दुपारचे तीन वाजलेत, रस्त्यावर गाड्या कमी आहेत. "पंखा घालव गं," असं आतून ऐकू आलं.