मासे मारायचं पैशाचं ॲप, वर्षभर वापरल्यावर: बाकी सोडा, त्या ऑटो बटणाचं बोला

बँकेतलं खातं अडकलेलं, हेलपाटे झाले, ते पुढं सांगतोच. आधी ऑटो बटण. या ॲपबद्दल जो तो विचारतो की पैसे निघतात का, बोनस किती, ड्रॅगन कधी येतो. त्या उजव्या कोपऱ्यातल्या बटणाकडं कुणाचं लक्षच नाही, आणि सगळा खेळ तिथंच आहे.

गेम काय आहे ते खेळणाऱ्यांना सांगायला नको. चार खेळणाऱ्यांच्या चार तोफा, मधनं मासे, प्रत्येक गोळीला पैसे, मासा मेला की गोळीच्या पटीत पैसे. लहान मासा दुप्पट, कासव दहापट, वर शार्क, सोन्याचा बेडूक, बॉम्बवाला खेकडा. ॲपचं नाव लिहीत नाही. एक तर ते सारखं नाव आणि लिंक बदलत असतं, आणि त्यांची फुकट जाहिरात करायची मला हौस नाही.

मी बेळगावात उद्यमबागेत एका मशीन शॉपला आहे. सेकंड शिफ्टला जेवणाच्या सुट्टीत पोरं खेळायची, तिथनं माझ्या मोबाइलवर आलं. आवडलं, खोटं कशाला बोलू. रमीला डोकं लावायला लागतं, क्रिकेटच्या टीमा लावायच्या तर मॅच बघायला लागते. इथं दहा पैशाची गोळी, शंभर रुपयात रात्र निघते. शिवाय रमीच्या ॲपवर १ ऑक्टोबर २०२३ पासून शंभर भरले की त्यातले २१ रुपये ८८ पैसे जीएसटीत जायचे, वर निव्वळ जिंकलेल्यावर तीस टक्के टीडीएस कापला जायचा. इथं शंभर म्हणजे शंभर. चहा दहाचा बारा झाला की टपरी बदलणारा माणूस मी, मला ही गोष्ट भलतीच भावली. टॅक्स का नाही, हे कुणी विचारलंच नाही. नाही ना, मग झालं.

चित्रं एक नंबर. आवाज मात्र डोकं उठवणारा, तो पहिल्याच दिवशी बंद करायचा. चार हजाराचा जुना मोबाइल असला तरी चालतं, बॅटरी खातं. एवढं पुरे.

आता बटण. ते दाबलं की तोफ आपणहून सुटते, सेकंदाला चारेक गोळ्या. हातानं टिचकी मारत बसलो तर सेकंदाला एक, तीही कंटाळा येईपर्यंत. एकदा एक रुपयाच्या गोळीवर ऑटो लावलेलं आणि व्हीएमसीचा, म्हणजे माझ्या कटिंगच्या मशीनचा, अलार्म वाजला. मोबाइल बेंचवर पालथा ठेवला, जाऊन इन्सर्ट (कापणारं टोक) बदलला, ऑफसेट टाकला, पहिला जॉब मोजला आणि आलो. वॉलेटमध्ये चारशेच्या वर होते, साठ उरले. तोफ अजून सुरूच. समोर मासा नव्हता, एक जेलीफिश कोपऱ्यातनं चाललेली आणि माझ्या गोळ्या भिंतीला आपटून आपटून तिच्यामागं. आमच्या मशीनचं दार उघडलं की स्पिंडल थांबतो; इथं माणूस उठून गेला तरी काही थांबत नाही. समोर हात नाही, डोळा नाही, हे त्या ॲपला कळत नसेल असं मला कुणी सांगू नये. गोळी मारायची विसरलो तर मिनिटाभरात ‘टेबलावरून काढण्यात येईल’ म्हणून पाटी झळकते की! म्हणजे पैसे जात नसताना माणूस जागेवर नाही हे कळतं, जाताना कळत नाही.

सपोर्टला लिहिलं. मराठीत लिहिलं, उत्तर हिंदीत आलं: ‘डियर मेंबर, ऑटो मोड से जीतने का मौका बढ़ता है.’ मी विचारलं काय, हे सांगतात काय. परत लिहिलं, की पाच मिनिटं कुणी हात लावला नाही तर तोफ थांबवा, एवढंच म्हणणं आहे. त्यावर एक नाचणारा मासा पाठवला.

वरचं खात्याचं वाक्य सोडलं तर इथपर्यंतचं मी तीन-चार महिन्यांपूर्वी लिहून ठेवलं होतं आणि खाली मत दिलेलं की बटण सोडलं तर गेम चांगला, नेमबाजीचा आहे, हात बसला की पैसे सुटतात. ते आता बदलायला लागतंय.

झालं असं, की आमच्या फिटरचा एक सिद्धांत आहे, शिजलेल्या माशाचा. दुसऱ्यानं बडवून ठेवलेला मोठा मासा आपण शेवटी दोन गोळ्या घालून उचलायचा. “तो शार्क शिजलाय बघ, कोपऱ्यातल्यानं चांगला भाजून ठेवलाय. मार की, काय बघूलैस!” ह्यावर मी बरेच पैसे घातले. मग एकदा वंटमुरी घाटात बस अडकलेली, रेंज येत-जात होती, वेळ होता म्हणून ॲपमधलं नियमांचं पान उघडलं. इंग्रजीत, बारीक अक्षरात. तिथं सरळ लिहिलंय की प्रत्येक गोळीचा निकाल वेगळा लागतो, आधीच्या गोळ्यांचा त्याच्याशी संबंध नाही. म्हणजे माशाला रक्तच नाही. शार्कला दोनशे गोळ्या बसल्या काय नि एकही बसली नाही काय, पुढच्या गोळीला तो तेवढाच ताजा. आणि मासा जेवढ्या पटीचा, तेवढी तो मरायची शक्यता कमी. हिशेब असा बसवलाय की कुठलाही मारा, लांबच्या पल्ल्यात शंभरातले ९७ परत. ९७ हे त्यांचं म्हणणं, तपासायला कोण गेलंय!

मी घरी येऊन वहीवर मांडलं. शंभरपटीचा मासा एका गोळीत मरायची शक्यता पावणेएक टक्क्याच्या वर, एकच्या जरा आत. शंभर गोळ्या घातल्या तरी शंभरातल्या अडतीस वेळा तो तसाच पोहत बाहेर जाणार. गेला की त्या गोळ्या गेल्या, कुणी परत देत नाही. आणि गोळी चुकली तर भिंतीला आपटून कुठल्या ना कुठल्या माशाला लागतेच, म्हणून नेमालाही किंमत नाही. शार्क मारा नाहीतर चिंगळ्या मारा, तीन टक्के त्यांचे.

मग आपल्या हातात उरलं काय? फक्त किती भराभर मारायचं ते. दहा पैशाची गोळी हातानं, सेकंदाला एक: तासाला ३६० रुपयांच्या गोळ्या, त्याचे तीन टक्के दहा-अकरा रुपये. एक चहा. तीच गोळी ऑटोवर: १,४४० रुपयांच्या गोळ्या, त्रेचाळीस रुपये. रुपयाची गोळी ऑटोवर: १४,४०० रुपये फिरले, ४३२ गेले. तासाला. एखाद्या रात्री ड्रॅगन मरतो आणि दोन हजार दिसतात, ते खरं आहे, माझेही मेलेत. पण खेळणाऱ्याच्या हातात जी एकच गोष्ट होती तीही या बटणानं काढून घेतली. नवीन व्हर्जनमध्ये तर ऑटो उघडल्या उघडल्या चालूच असतं, बंद करायला सेटिंगमध्ये शिरायला लागतं. आता सांगा, मी उगाच डोकं खातोय का?

बोनसचंही तसंच. शंभरावर शंभर फुकट म्हणतात आणि दहापट टर्नओव्हर, म्हणजे तेवढ्या पैशाच्या गोळ्या, झाल्याशिवाय काढू देत नाहीत. हातानं दहापट करायचं तर बोटं झिजतील, म्हणजे ऑटो आलंच.

कायद्याचं थोडं, कारण आपल्या सीमाभागाला त्याची वेगळीच गंमत आहे. २०२१ च्या ऑक्टोबरात कर्नाटकानं ऑनलाइन पैशाच्या खेळांवर बंदी घातली तेव्हा मोठी ॲपं बेळगावात उघडायची नाहीत. पोरं सीमेपलीकडं महाराष्ट्रात शिनोळीला नाहीतर कोगनोळी नाक्यापलीकडं कागलला जाऊन टीमा लावून यायची. लॉटरीचं तेच, कर्नाटकात २००७ पासून बंद, पलीकडं महाराष्ट्राचं तिकीट मिळतं. पुढं १४ फेब्रुवारी २०२२ ला हायकोर्टानं ती बंदी उडवली. आता २२ ऑगस्ट २०२५ ला केंद्राच्या कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली, त्यात कौशल्याचा असो की नशिबाचा, पैशाचा ऑनलाइन खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. मोठ्या कंपन्यांनी पैशाचा धंदा गुंडाळला. हे माशाचं ॲप मात्र जागेवर, कारण ते इथं नव्हतंच कधी. प्ले स्टोअरवर नाही, लिंक व्हॉट्सॲपवर येते, आणि पैसे भरायला दर वेळी वेगळा क्यूआर. कधी कुठलं तरी जनरल स्टोअर, कधी कुणा बाईचं नाव. आता शिनोळीला जायलाही लागत नाही.

असल्या भलत्याच खात्यांपायी माझं खातं अडकलं. जिंकलेले ३,२०० रुपये काढले, दहा मिनिटांत आले, मी खूश. महिन्याभरानं पगार जमा झाला आणि एटीएममधनं एक रुपया निघेना. शाखेत गेलो.

“खात्यावर लीन पडलंय वो, पैसे अडवून ठेवलेत. आंध्रात कुणीतरी सायबरची कंप्लेंट दिलीय. त्याचे पैसे फिरत फिरत तुमच्याकडं आलेत.”

“किती?”

“बत्तीसशे.”

“मग बत्तीसशे अडवा की. सगळा पगार कशाला?”

“ते आमच्या हातात नाही. तिकडनं मेल यायला पाहिजे.”

तिकडनं म्हणजे कुठनं, हे काढायलाच आठवडा गेला. समजलं ते असं: ॲपवाले पैसे कंपनीच्या खात्यातनं देत नाहीत, भाड्यानं घेतलेल्या खात्यांतनं फिरवतात, आणि त्याच खात्यांतनं कुणाला तरी गंडवलेले पैसेही फिरतात. ज्याला गंडवलं तो १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावतो, पोलीस पैशाचा माग काढत जातात आणि वाटेत येणारं प्रत्येक खातं धरतात. मी शार्क मारून मिळवलेले बत्तीसशे आंध्रातल्या कुणाच्या तरी घामाचे निघाले.

ॲपच्या सपोर्टचं म्हणणं: ‘डियर मेंबर, आपका विड्रॉल सक्सेसफुल है, कृपया बैंक से संपर्क करें.’ बँकेचं म्हणणं, पोलिसांशी बोला. इथल्या ठाण्यात म्हणाले, तक्रार तिकडची, तिकडं लिहा. मधल्या मध्ये घरभाडं, पोराची फी आणि भिशीचा हप्ता. भिशीवाल्या मावशींना लीन म्हणजे काय ते समजावता समजावता नाकी नऊ आले. “पैसे हैत, पण नाहीत? असलं कसलं रे तुझं बँक?”

ज्यांचं असंच झालंय त्यांच्यासाठी एवढंच. बँकेकडनं तक्रारीचा नंबर, अडवलेली रक्कम आणि तपास अधिकाऱ्याचा मेल लेखी घ्या, तोंडी ऐकून परत येऊ नका. खात्याचा उतारा, ॲपमधल्या काढलेल्या पैशाचा स्क्रीनशॉट जोडून मेल करा आणि पैसे कुठनं आले ते खरं लिहा. मी लिहिलं, माशाचा गेम म्हणून. लिहिताना हात अडखळला, पण कायद्यात खेळणाऱ्याला शिक्षा नाही हे वाचलेलं होतं. काही आठवड्यांनी बत्तीसशे सोडून बाकीचं खातं मोकळं झालं. ते बत्तीसशे अजून तिथंच.

वॉलेटमध्ये माझे ११४० रुपये दिसतात. काढायला गेलं की आधी पाचशे भरा म्हणतात, व्हेरिफिकेशन. आमच्या शॉपमधल्या एकानं भरले, त्याला आता हजार मागतायत. मी भरणार नाही. स्टार एक, तोही चित्रं काढणाऱ्याला.