वर्षभराचा क्रमांकित दानपाकीट संच: चर्चच्या छोट्या मंडळीसाठी कसा?

एका कुटुंबाला एक क्रमांक, दान घालून द्यायला आठवड्याला एक अशी 52 पाकिटं. 30-40 घरांच्या मंडळीला नुसत्या दानपेटीपेक्षा हे उजवं: महिन्याला साधारण किती जमेल याचा अंदाज येतो, पाळकांचं मानधन अडत नाही. पाकिटावर 'सर्वसाधारण', 'इमारत', 'मदत' असे तीन रकाने आहेत, पण इतके चिंचोळे की आकडा शेजारच्या रकान्यात घुसतो आणि इमारतीचा पैसा सर्वसाधारणमध्ये धरला जाऊन वीजबिलात जातो. खरा घोळ इथेच. मोजायला दोघं बसवा, एकाच घरातले नकोत. पाकीट फोडताच आतली रक्कम त्यावरच लिहा, मगच रोख एकत्र करा. पाकिटांचा डिंक कुचकामी, दमट हवेत कोरी पाकिटंही चिकटून बसतात. कोणता क्रमांक कोणत्या कुटुंबाचा ही यादी खजिनदाराकडेच राहू द्या.