ठोकलेली जुनी गाडी: दुरुस्ती की भंगार?

12 वर्षांची गाडी पुढून ठोकली गेली असेल, तर बंपर-हेडलाइट पाहून निर्णय घेऊ नका. ते बदलता येतात. बोनेट उघडा आणि इंजिनच्या खणाचे दोन्ही कर्ण टेपने मोजा. कंपनीच्या मापापेक्षा फरक असेल तर चेसिस वाकलंय. ते ओढून नीट सरळ केलं गेलं नाही, तर चाकांची अलाइनमेंट बसत नाही आणि टायर एका कडेने झिजतात.

खर्च: विम्यात झिरो-डेप (घसारा न कापण्याची सोय) नसेल तर क्लेममधून 10 वर्षांवरच्या गाडीत धातूच्या भागांवर 50 टक्के घसारा कापतात, प्लास्टिक-रबरावरही तेवढाच. एअरबॅग उघडल्या असतील तर त्यांचं कंट्रोल मॉड्यूल आणि सीटबेल्टही बदलावे लागतात. हिशेब बहुतेकदा इथेच फिरतो. दुरुस्ती आयडीव्हीच्या (विम्यात धरलेली गाडीची किंमत) 75 टक्क्यांपुढे गेली की टोटल लॉस, म्हणजे विम्याच्या लेखी गाडी दुरुस्तीपलीकडची.

आयुष्य: खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षं; पुढे फेरनोंदणी, पर्यावरण कर.

खटपट: दुरुस्तीत जुने पार्ट शोधणं. भंगारात कागद. नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रातच द्या, ठेव प्रमाणपत्र (गाडी भंगारात जमा केल्याचा दाखला) घ्या, आरसी रद्द करा. नाहीतर पुढच्या गैरवापराला नाव तुमचंच.

कर्ण जुळतात, एअरबॅग शाबूत, वापर गावातल्या गावात: दुरुस्त करा. पिलर (छताला आधार देणारे खांब) किंवा चेसिस वाकलंय आणि घरच्यांना घेऊन हायवेला जायचंय: भंगारातच द्या.