जळगावचं स्पीच थेरपी सेंटर: चार स्टार, पाचवा वेटिंगमध्ये गेला

मावशीला अमळनेरहून इथं आणलं. बोलताना तिचा आवाज मधेच अडकतो, शब्द चिरडत बाहेर येतो, फोनवर तर जास्तच, ती म्हणायची "मना गया कोन दाबस व माय" (माझा गळा कोण दाबतंय गं माय). आधी एका ठिकाणी टेन्शन आहे म्हणून झोपेच्या गोळ्या दिल्या होत्या, जाऊ द्या.

इथल्या मॅडमनी आधी लांब 'आ' म्हणायला लावला, मग कुजबुजायला लावलं, मग चक्क हसवलं. कुजबुजताना आणि हसताना आवाज एकदम मोकळा! मग विचारलं गाता का, तर मावशीनं कानबाईचं गाणं सुरू केलं आणि एकदाही अडकली नाही, मी बघतच राहिलो. मॅडम म्हणाल्या हा डिस्टोनियाचा, म्हणजे स्नायू आपोआप आवळले जाण्याचा, प्रकार वाटतो, मानेचा किंवा हाताचा असतो तसाच पण गळ्यातला, नाव स्पास्मोडिक डिस्फोनिया. बोलायला लागलं की स्वरतंतू आपोआप आवळले जातात, मेंदूकडून येणारा हुकूमच गडबडतो म्हणून कितीही जोर लावला तरी उपयोग नाही, उलट जास्त आवळतं. 'आ' एका लयीत थरथरला असता तर कंपाचा संशय आला असता, आणि पार्किन्सनमध्ये आवाज बहुतेक बारीक नि सपाट होत जातो, ते वेगळं.

मला आवडलं ते हे की नुसत्या व्यायामानं बरं करते असं त्या बोलल्या नाहीत. दुर्बिणीनं स्वरयंत्र बघायला ईएनटीकडे आणि न्यूरोच्या डॉक्टरकडे पाठवलं. स्वरतंतूत बोटॉक्सचं, म्हणजे स्नायू सैल करणारं, इंजेक्शन देतात, असर साधारण तीन-चार महिने टिकतो, परत घ्यावं लागतं, सुरुवातीला आवाज हवेसारखा होतो आणि पाणी पिताना ठसका लागू शकतो हेही आधीच सांगितलं. इथं श्वास सोडत हळू आवाज सुरू करायचं शिकवतात. वाचायला पुस्तकी मराठी दिली तर मावशी लाजली, मग त्यांनी अहिराणीत केळीच्या घडाबद्दल बोलायला लावलं, तेव्हा कुठं खरं अडकणं दिसलं.

आता तक्रार. वेळ अकराची दिली तर नंबर साडेबाराला, टीव्हीचा आवाज एवढा मोठा की आवाजाच्या पेशंटनं ओरडूनच बोलावं, वर जिना चढायचा आणि लिफ्ट नाही. फी एकदम सांगत नाहीत, विचारून घ्या. यूपीआय चालतं.