माइनक्राफ्टमधली घोडापैदास: सोनेरी गाजर की सोनेरी सफरचंद?

भाची विचारत होती, माइनक्राफ्ट या व्हिडिओ गेममध्ये जातिवंत शिंगरू हवं तर घोड्यांच्या जोडीला सोनेरी सफरचंदच द्यायचं का, की सोनेरी गाजरही चालतं? दोन्हींपैकी काहीही खाल्लं तरी पाळीव जोडीभोवती तीच लाल हृदयं उडतात, म्हणजे जोडी पैदाशीला तयार.

खर्चाचं बघा. सफरचंदाला सोन्याच्या 8 विटा लागतात, गाजराला सोन्याचे 8 कण, आणि 9 कणांची एक वीट. म्हणजे सफरचंदाला नऊपट सोनं!

गुणांत मात्र फरक शून्य. वेग, उडी, आरोग्य (हेल्थ) आईबापाच्या सरासरीभोवती ठरतं. 2023 च्या 1.19.4 आवृत्तीपासून शिंगरू दोघांच्याही पुढे जाऊ शकतं. म्हणून जास्त शिंगरं घ्या, सर्वांत चपळ तेवढं पुढच्या जोडीला ठेवा.

सफरचंदाने शिंगराची वाढ 4 मिनिटांनी लवकर होते, गाजराने एकाच.

पैदाशीला गाजरच. सोनं भरपूर आणि घाई असेल, तर वाढत्या शिंगराला सफरचंद.