फॉरेन्सिक सायन्स अमेरिकेत शिकायचंय: ‘फोर प्लस वन’ घ्यावं की मास्टर्स वेगळं करावं?

अमेरिकेत फॉरेन्सिक सायन्सला जायचं ठरलं की दोन वाटा समोर येतात. एक ‘फोर प्लस वन’ची: त्याच विद्यापीठात पाच वर्षांत बॅचलर्स आणि मास्टर्स दोन्ही. दुसरी जुनी: चार वर्षांची पदवी, जमलं तर मध्ये नोकरी, मग नव्याने अर्ज करून साधारण दोन वर्षांचं मास्टर्स. माझं मत आधीच सांगून टाकते. डीएनए, टॉक्सिकॉलॉजी (विषतपासणी), ड्रग केमिस्ट्री यांपैकी नेमकं काय करायचं हे ज्याचं तिसऱ्या वर्षाच्या आत पक्कं झालंय, त्याने पहिली वाट धरावी. ज्याचं झालेलं नाही, त्याने एक वर्ष वाचतंय म्हणून तिकडे वळू नये.

हे वर्ष वाचतं कसं, ते आधी पाहू. बॅचलर्सला साधारण १२० क्रेडिट (अभ्यास मोजण्याचं एकक) लागतात, मास्टर्सला ३० ते ३६. फोर प्लस वनमध्ये त्यातली ९ ते १२ क्रेडिट दोन्ही पदव्यांत धरली जातात. म्हणजे चौथ्या वर्षी तुम्ही नावाला पदवीचे विद्यार्थी असता, पण तीन-चार विषय मास्टर्सच्या वर्गात बसून शिकता. मास्टर्स ३० क्रेडिटचं असेल तर पाचव्या वर्षाला १८ ते २१ उरतात. अर्ज बहुधा तिसऱ्या वर्षी करायचा असतो आणि जीपीए, म्हणजे गुणांची सरासरी, ४पैकी ३च्या वर टिकवावा लागतो. काही ठिकाणी अट याहून कडक असते.

आता नोकरीच्या बाजूने बघा. क्राइम लॅबमधल्या पहिल्या नोकरीला मास्टर्स लागतंच असं नाही. डीएनए अ‍ॅनालिस्टसाठी एफबीआयची गुणवत्ता मानकं बॅचलर्स पदवीच मागतात, मात्र बायोकेमिस्ट्री, जेनेटिक्स, मॉलिक्युलर बायोलॉजी आणि जोडीला स्टॅटिस्टिक्स किंवा पॉप्युलेशन जेनेटिक्स हे विषय शिकलेले असावे लागतात. मास्टर्सची अट येते ती टेक्निकल लीडर या, लॅबच्या तांत्रिक कामाची जबाबदारी असलेल्या पदाला, आणि तिथे मानवी डीएनएच्या लॅबमधला तीन वर्षांचा अनुभवही लागतो. ड्रग तपासणीत जनरल, ऑर्गॅनिक आणि अ‍ॅनालिटिकल केमिस्ट्री प्रयोगांसकट झालेली आहे का, हे पाहतात. घटनास्थळी जाऊन फोटो काढणं, ठसे उचलणं, पुरावा बांधून आणणं अशा पोलीस खात्यातल्या कामांना मास्टर्सचा खर्च बहुतेकदा भरून येत नाही. तुम्हाला तेच काम आवडत असेल तर पदवीवर थांबा आणि कामाला लागा.

लॅबच्या टेबलावर बसायचं असेल तर मात्र मास्टर्सचा उपयोग आहे, आणि तो कुठे आहे हे एका उदाहरणात कळेल. दाराच्या मुठीवरून घेतलेला स्वॅब. त्यातून डीएनए काढला, त्याचं प्रमाण मोजलं, प्रती वाढवल्या आणि कॅपिलरी इलेक्ट्रोफोरेसिसमधून (डीएनएचे तुकडे लांबीप्रमाणे वेगळे करणारी पद्धत) आलेख आला. २०१७ पासून अमेरिकेच्या राष्ट्रीय डीएनए डेटाबेससाठी डीएनएवरच्या १३ऐवजी २० मुख्य जागा तपासतात, त्यामुळे आलेखात शिखरं भरपूर. एका उंच शिखराच्या अलीकडे चिकटून एक बुटकं शिखर दिसतं. ती प्रती वाढवताना उमटलेली खोटी खूण आहे, की त्या मुठीला हात लावलेला दुसरा माणूस? या एका शिखरावर कुणाचं निरपराधित्व अडकलेलं असू शकतं. याचं उत्तर पाठ करून येत नाही. असे आलेख ढिगाने पाहावे लागतात, संभाव्यतेचं गणित अंगात मुरावं लागतं आणि आपण काय म्हणू शकत नाही हे उलटतपासणीत वकिलासमोर शांतपणे सांगता यावं लागतं. २००९ साली अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलच्या अहवालाने फॉरेन्सिकच्या अनेक पद्धतींचा वैज्ञानिक पाया कच्चा असल्याचं स्पष्ट लिहिलं, तेव्हापासून या बाबतीत ढिलाई चालत नाही, आणि चालूही नये.

म्हणूनच फोर प्लस वन तपासताना पहिला प्रश्न हा: मास्टर्सचे विषय आत घ्यायला जागा कुणाची गेली? फॉरेन्सिकच्या वरवर ओळख करून देणाऱ्या, सोप्या विषयांची गेली असेल तर उत्तम. स्टॅटिस्टिक्सचा दुसरा पेपर किंवा इन्स्ट्रुमेंटल अ‍ॅनालिसिसची लॅब गेली असेल तर तो सौदा वाईट आहे.

दुसरी गोष्ट माहितीपत्रकात सापडत नाही, ती म्हणजे उन्हाळ्याच्या सुट्ट्या. सरकारी क्राइम लॅबमध्ये इंटर्नशिपला पार्श्वभूमी तपासणी होते, ती लांबते, म्हणून अर्ज कितीतरी आधी करावा लागतो. जुन्या वाटेने जाणाऱ्याला तिसऱ्या-चौथ्या वर्षामधला उन्हाळा मिळतो आणि पुढे मास्टर्समध्ये आणखी एक. फोर प्लस वनमध्ये सुट्ट्या कमी, आणि त्यातली एखादी क्रेडिट भरण्यात किंवा थिसिसच्या तयारीत जाते. इंटर्नशिपशिवाय हातात दोन पदव्या असणं ही या क्षेत्रात फारशी भक्कम स्थिती नाही. मी तरी इंटर्नशिप सोडून वर्ष वाचवणार नाही.

पैशाचं बरंचसं पारडं फोर प्लस वनकडे झुकतं. एक वर्षाची फी आणि राहण्याचा खर्च वाचतो, शिवाय चौथ्या वर्षीचे मास्टर्सचे विषय अनेक ठिकाणी पदवीच्याच फीमध्ये बसतात. पण अमेरिकन नागरिक असलेल्या मुलांनी तारखांकडे लक्ष द्यावं. पेल ग्रँट ही गरजू विद्यार्थ्यांसाठीची सरकारी मदत बॅचलर्स पदवीपर्यंतच मिळते. १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी ग्रॅड प्लस हे पदवीनंतरच्या शिक्षणाचं सरकारी कर्ज बंद होतं आणि अशा मास्टर्ससाठी फेडरल कर्जाची मर्यादा वर्षाला २०,५०० डॉलर राहते. दुसऱ्या वाटेचा एक फायदा विसरू नका: काही लॅब नोकरीत असताना मास्टर्सच्या फीचा वाटा उचलतात.

एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर जाणाऱ्यांनी तर जास्त सावध असावं. ओपीटी, म्हणजे शिक्षणाला जोडून अमेरिकेत काम करण्याची तात्पुरती परवानगी, दर शैक्षणिक पातळीला १२ महिने मिळते आणि विषय स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) यादीत असेल तर आणखी २४. बॅचलर्सनंतर काम करून मग मास्टर्सला गेलात तर ही मुदत दोनदा वापरता येते. सलग पाच वर्षं शिकलात तर हाती एकदाच येते. त्यात एफबीआयच्या नोकरीला अमेरिकन नागरिकत्व लागतं, आणि इतर सरकारी लॅबच्या जाहिरातींतही ही अट वारंवार दिसते. खाजगी टॉक्सिकॉलॉजी किंवा औषध कंपनीच्या लॅब हा पर्याय डोळ्यासमोर ठेवून विषय निवडलेले बरे. त्या हिशेबाने केमिस्ट्रीची पदवी आणि वर फॉरेन्सिकचं मास्टर्स ही जोडी मला अधिक सुरक्षित वाटते.

मान्यतेबद्दल थोडक्यात. अमेरिकन अकॅडमी ऑफ फॉरेन्सिक सायन्सेसचा फेपॅक हा आयोग अभ्यासक्रमांना मान्यता देतो. ती त्या-त्या पदवीला मिळते, त्यामुळे बॅचलर्सला असली म्हणून मास्टर्सला असेलच असं नाही. दोन्ही स्वतंत्र तपासा.

सही करण्यापूर्वी विभागाला दोन गोष्टी लेखी विचारा. बॅचलर्सची पदवी चौथ्या वर्षाअखेर देता की पाचव्या वर्षी दोन्ही एकदम? आणि जीपीए घसरला किंवा चौथ्या वर्षी लॅबमधून नोकरी आली, तर तोवर घेतलेल्या मास्टर्सच्या क्रेडिटवर बॅचलर्स पूर्ण करून बाहेर पडता येतं का? पहिल्याचं उत्तर ‘पाचव्या वर्षी’ असेल, तर चौथ्या वर्षाअखेर पदवी हातात नसताना कुठलीही लॅब तुम्हाला अ‍ॅनालिस्ट म्हणून घेऊ शकणार नाही.