आबांच्या बुलेटची चेसी अन् मला घातलेली टोपी

भाऊ लोकांनो, घरची जुनी गाडी कोणाकडे रिस्टोरला टाकणार असाल तर आधी हे वाचा, मला हे ज्ञान १ लाख ४० हजाराला पडलंय.

आमच्या आबांची १९६८ ची बुलेट, ३४६ सीसी, गिअर उजव्या पायात अन् ब्रेक डाव्या. आबा गेल्यापासून गोठ्यात पोत्यांखाली पडेल होती. आता मला खाज अशी की तिची ट्रायल्स बाईक करायची. ट्रायल्स म्हणजे रेस नाही बरं का, स्पीडचा संबंधच नाही, दगडधोंड्यातून पाय न टेकवता गाडी हळूहळू काढायची, पाय टेकला की दंडाचा पॉइंट अन् गाडी थांबली की ५. स्कॉटलंडची सहा दिवसांची ट्रायल जॉनी ब्रिटननं १९५२ अन् १९५७ ला बुलेटवरच जिंकेल आहे, हे वाचल्यापासून मला पाल गावाकडचं सुकी नदीचं पात्र दिसलं की आबांची बुलेटच दिसायची.

लांबच्या शहरातला एक मिस्त्री सापडला. नाव लिहीत नाही, प्रकरण चालू आहे. बोलायला एकदम गोड, ‘दादा दादा’ करायचा, ट्रायल्सचा नामी रायडर सॅमी मिलरनं बुल्टाको या स्पॅनिश गाडीसाठी हाय-बॉय फ्रेम काढली तशी हलकी उंच फ्रेम, म्हणजे चेसीच, आपण बुलेटला बसवू म्हणे, पाइप रेनॉल्ड्स ५३१ चा, म्हणजे भारीतल्या हलक्या स्टीलचा, बाहेरून मागवलेला. नावं सगळी खरी होती हो, तिथंच मी भुललो. गाडी टेम्पोत टाकून पाठवली, आठ दिवसांनी फोन, “दादा, तुमची चेसी आतून सडेल आहे, भंगारातच जाईल.” मी म्हटलं जाऊ दे. ना फोटो मागितला ना जाऊन पाहिली, केळीची कापणी चालू होती, वेळ कुठे होता. नव्या फ्रेमचे ६२ हजार, बाकी इंजिन, पावडर कोटिंग, स्पोक, मजुरी, सगळं हप्त्या-हप्त्यानं युपीआयवर. बिल म्हणाल तर डायरीच्या फाडलेल्या पानावर ‘चेसी १ नग’, बस.

गाडी आली ती दिसायला नवरीसारखी, काळीकुळकुळीत. पण हात सैल सोडला की डावीकडं ओढायची. फोन केला तर म्हणे नवीन आहे दादा, रुळेल. दुसऱ्या रविवारी सुकीच्या पात्रात गुडघाभर दगडावरून उतरवली अन् हँडलखाली कट्ट आवाज आला. हेड पाइपच्या, म्हणजे हँडल फिरतं त्या पुढच्या नळीच्या, जोडाला बोट फिरवलं तर नख अडकेल इतकी चीर, स्पीड मोठा असता तर आज हे लिहायला मी नसतो.

जळगाव एमआयडीसीतल्या ओळखीच्या लेथवाल्या नानांकडं नेली. त्यांनी पावडर कोट खरवडला, खाली पुट्टी, पुट्टीखाली मिग वेल्डिंगचे जाडे टाके. नाना म्हणे, ५३१ ची नळी पातळ असते रे भो, ती पितळ वितळवून जोडतात, ब्रेझ करतात, असं भाजून नाही काढत. मग मागची एक नळी कापून आतून टॉर्च मारला, आत लांबलचक शिवण. साधा इआरडब्ल्यू, म्हणजे पत्रा वळवून शिवण वेल्ड केलेला पाइप, खुर्च्या-टेबलं बनवतात तोच. दोरी लावून पाहिलं तर दोन्ही चाकं एका रेषेत पण नव्हती.

पण ओ भाऊ, फ्रेम खराब निघाली हे कमीच. मला व्हिंटेज पासिंग करायचं होतं, २०२१ च्या नियमानं ५० वर्षांवरची गाडी चालते, २० हजार फी अन् नंबरात ‘व्हीए’ येतं. आरटीओत साहेबांनी चेसी नंबर पाहिला अन् माझ्याकडं पाहिलं. नंबर माझ्याच आरसीवरचा, पण पंच ताजा, अक्षरं वाकडीतिकडी. परवानगीशिवाय नंबर पंच करणं गुन्हा आहे, अन् गाडी माझ्या नावावर, म्हणजे पहिला संशय माझ्यावर. वर त्यांनी सांगितलं की चेसी, बॉडी, इंजिनात मोठा बदल केला की व्हिंटेजमध्ये बसतच नाही. म्हणजे मिस्त्री साव निघाला असता तरी माझं पासिंग गेलंच होतं, हे येडेपण माझं स्वतःचं.

पोलिसात अर्ज दिला तर पहिला प्रश्न, जुन्या चेसीचा पुरावा काय? काहीच नव्हतं. नशीब आबांनी कागदांच्या ट्रंकेत जुनी चेसी प्रिंट जपून ठेवेल होती, नंबरावर पेन्सिल घासून घेतलेली. त्यातला ४ वरून उघडा, माझ्या गाडीवरचा बंद. तेवढ्यावर अर्ज घेतला. तुम्ही गाडी देण्याआधी तशी प्रिंट काढा, हेड पाइपचा फोटो काढा अन् ‘जुनी चेसी परत पाहिजे, भंगार असली तरी’ असं लिहूनच घ्या. नवी फ्रेम रंगाआधी उघडी पाहा. ‘कोट झालाय आता’ म्हणाला की उठून या.

मागच्या महिन्यात पुतण्यानं एक जाहिरात दाखवली, १९६८ ची बुलेट, १ लाख ८५ हजार. फोटो मोठा करून पाहिला, फूटरेस्टच्या वरती नळीला पितळाचा टाका, बोटभर. मी गिऱ्हाईक बनून फोन लावला. तिकडून म्हणे, “दादा, फुल ओरिजिनल, चेसीला कोणी हात लावेल नाही.”

तो टाका आबांनी भुसावळला माझ्यासमोर मारून घेतेल आहे.